अक्षराला पत्ता मिळतो तेव्हा

व्हिएतनामी भाषेत पाच या आकड्याला 'नम्' म्हणतात आणि वर्षालाही 'नम्'च म्हणतात. आजच्या रोमन लिपीत दोन्ही शब्द अगदी एकसारखे लिहिले जातात. कुठला पाच आणि कुठलं वर्ष, ते संदर्भाने कळतं. सव्वाशे वर्षांपूर्वीचा व्हिएतनामी लेखक मात्र ते वेगवेगळे लिहायचा. दोन्ही अक्षरांत एका अंगाला दक्षिण दिशेचं चिनी चिन्ह. त्याचा उच्चार 'नाम', म्हणजे व्हिएतनाम या नावातलाच 'नाम'. ते फक्त आवाज सुचवायला. त्याच्या जोडीला एका अक्षरात पाचाचं चिन्ह, दुसऱ्यात वर्षाचं. कानासाठी उच्चार आणि डोळ्यांसाठी अर्थ, दोन्ही एकाच चौकोनात. आभाळाचं अक्षर याहून सुंदर आहे: वर 'स्वर्ग' आणि त्याच्या खाली 'वरती' या अर्थाचं चिन्ह. त्यात उच्चाराची खूणसुद्धा नाही, नुसता अर्थावर अर्थ रचलेला.

ही नोम लिपी. हजारएक वर्षं चिनी राजवटीखाली काढलेल्या या देशात दरबार, कायदा, परीक्षा, इतिहासलेखन सगळं अभिजात चिनी भाषेत चालायचं, आणि स्वतःचं राज्य आल्यावरही चालत राहिलं. पण माणूस भांडतो, रडतो, अंगाई गातो ते घरच्या भाषेत. ती भाषा कागदावर उतरवायची तर चिनी चिन्हं मोडून-जोडून नवी अक्षरं घडवावी लागणार होती. व्हिएतनामी लोकांनी ती हजारोंनी घडवली. तिथल्या बखरीत एक गोष्ट आहे. १२८२ साली लाल नदीत मगर शिरली. राजाच्या सांगण्यावरून न्गुयेन थुएन नावाच्या मंत्र्याने मगरीला उद्देशून एक लेख लिहून नदीत सोडला आणि मगर निघून गेली. हा लेख नोममध्ये होता असं परंपरा मानते, आणि त्या लिपीतल्या साहित्याची कथा सांगताना बहुतेक जण इथूनच सुरुवात करतात. मला ही गोष्ट फार आवडते. आपल्या नदीतल्या प्राण्याशी आपल्या भाषेतच बोललं पाहिजे, हे त्यात किती सहज गृहीत धरलंय.

पुढच्या सहा शतकांत या लिपीत काय काय लिहिलं गेलं! पंधराव्या शतकातला मुत्सद्दी कवी न्गुयेन त्राय याच्या अडीचशेहून अधिक कविता. अठराव्या शतकाच्या अखेरीस क्वांग त्रुंग या सम्राटाने तर राज्यकारभारातसुद्धा नोम आणली. हो सुआन हुओंग ही बाई त्याच सुमाराची. पाण्यात उकडून काढायच्या एका गोड पदार्थावर तिची चार ओळींची कविता आहे. चिकट तांदळाच्या पिठाच्या पारीत गुळाचा लहानसा खडा भरायचा, गोळे उकळत्या पाण्यात सोडायचे, तरंगले की शिजले. पांढरी, गोल, मळणाऱ्याच्या हाती सापडलेली, कधी वर तरंगणारी, कधी तळाशी जाणारी, तरी आतलं लाल काळीज शाबूत ठेवणारी. कविता खाण्याच्या पदार्थावर आहे आणि बाईच्या जातीवर आहे. आजही ती शाळेत शिकवतात. आणि मग न्गुयेन झू. त्याची 'किएउची कथा' ३,२५४ ओळींची. सहा अक्षरांची एक ओळ, आठ अक्षरांची एक ओळ, असा देशी छंद. बाप आणि भाऊ सुटावेत म्हणून स्वतःला विकणाऱ्या मुलीची गोष्ट. ज्यांना अक्षरओळख नव्हती अशा आज्यांनाही ती तोंडपाठ असायची. नडलेल्या वेळी मनात प्रश्न धरून किएउचं पान उघडायचं आणि नजर पडेल त्या ओळीत उत्तर शोधायचं, ही चाल अजून आहे.

या सगळ्याला ओहोटी लागली ती बाहेरून आलेल्या सोप्या लिपीमुळे. जेझुइट मिशनऱ्यांनी सतराव्या शतकात व्हिएतनामी भाषा रोमन अक्षरांत बसवली. अलेक्झांद्र द ऱ्होदचा शब्दकोश १६५१ मध्ये रोममध्ये छापला गेला. फ्रेंच राजवटीने ती लिपी उचलून धरली. जुन्या पद्धतीच्या शेवटच्या दरबारी परीक्षा १९१९ मध्ये ह्वे इथे झाल्या आणि चिनी चिन्हं शिकण्याचं कारणच संपलं. नोम वाचायची तर आधी चिनी चिन्हं यावी लागतात, त्यामुळे एक गेल्यावर दुसरी टिकणं शक्यच नव्हतं. एका पिढीत ती शाळेतून गेली, दुसऱ्या पिढीत घरातून गेली.

इथे हळहळ व्यक्त करून मोकळं होणं सोपं आहे, पण ते खरं होणार नाही. २ सप्टेंबर १९४५ला हो ची मिन्ह यांनी स्वातंत्र्य जाहीर केलं आणि आठवड्याभरात साक्षरतेचे हुकूम निघाले. तेव्हा दहातल्या नऊ जणांना लिहितावाचता येत नव्हतं. रोमन लिपी काही महिन्यांत शिकता येते. नोमला आयुष्याची काही वर्षं द्यावी लागतात, आणि ती वर्षं फक्त ज्याच्या घरी खायला होतं त्यालाच देता यायची. शेतात राबणाऱ्या बाईला सही करता आली ती नव्या लिपीमुळे. त्या निर्णयाबद्दल मला आदरच आहे. पण त्याची किंमतही पडली. आज हनोईतल्या कॉलेजात जाणाऱ्या मुलीला किएउ पाठ असते, पण न्गुयेन झूच्या काळातलं तिचं पान समोर धरलं तर एक ओळ लागत नाही. घराण्याची वंशावळ, खापरपणज्याच्या हातची औषधांची वही, गावच्या देवळातला शिलालेख, सगळं डोळ्यांसमोर असून परकं.

मी अनेक वर्षं दिवाळी अंकांचं अक्षरजुळणीचं काम केलं. युनिकोड येण्याआधीचे ते दिवस. एका कॉम्प्युटरवर जुळवलेला मजकूर दुसऱ्यावर उघडला की पानभर चौकोन आणि प्रश्नचिन्हं. फॉन्ट बदलला की कविता गेली. त्या काळातले कितीतरी लेख आज माझ्याकडे फाइल म्हणून आहेत आणि मजकूर म्हणून नाहीत. त्यामुळे व्हिएतनामच्या संस्कृतीसाठी तंत्रज्ञानाने काय केलं, हे वाचायला लागले तेव्हा माझं लक्ष आधी गेलं ते कोडतक्त्यांकडे.

युनिकोड म्हणजे काय, तर जगातल्या प्रत्येक अक्षराला दिलेला कायमचा पत्ता. पोस्टमनला घरात कोण राहतं, भिंतींना रंग कुठला, याच्याशी कर्तव्य नसतं. घर नंबर असला की पत्र पोचतं. अक्षराला नंबर मिळाला की ते टाइप करता येतं, शोधता येतं, दुसऱ्याला पाठवता येतं, शब्दकोशात लावता येतं. नंबर नसलेलं अक्षर फोटोपुरतं उरतं. स्कॅन केलेल्या पानात 'नम्' हा शब्द कुठे कुठे आलाय, हे कॉम्प्युटरला विचारता येत नाही, कारण त्याच्या लेखी ते पान म्हणजे पांढऱ्यावरचे काळे ठिपके.

नोमला हे पत्ते मिळवून देणं हे अतिशय किचकट काम होतं. एकाच शब्दासाठी वेगवेगळ्या प्रांतांतल्या लेखनिकांनी वेगवेगळी अक्षरं घडवली होती. कुणी आवाजासाठी एक चिन्ह घेतलं, कुणी दुसरं. कुणी रेघा गाळल्या. कुठल्या राजाने प्रमाण ठरवून दिलेलं नव्हतं. व्हिएतनामने १९९३ साली आणि १९९५ साली आपली राष्ट्रीय मानकं तयार केली, आंतरराष्ट्रीय समितीत चीन, जपान, कोरिया यांच्या शेजारी खुर्ची घेतली, आणि प्रत्येक अक्षरामागे ते कुठल्या ग्रंथात आलंय याचा पुरावा ठेवला. २००१ साली चिनी कुळातल्या चिन्हांचा जो मोठा विस्तार युनिकोडमध्ये आला तो ४२,७११ अक्षरांचा होता, आणि त्यात नोमची हजारो अक्षरं होती. वर्तमानपत्रात मथळा होईल अशी ही बातमी नव्हती. पण माझ्या मते त्या देशाच्या जुन्या साहित्यासाठी गेल्या शतकभरात झालेलं हे सगळ्यांत मोठं काम आहे.

या कामाला माणसं कशी मिळाली, ती हकीकतही सांगण्यासारखी आहे. जॉन बलाबन हा अमेरिकन कवी. युद्धात बंदूक धरायला नकार देऊन तो व्हिएतनाममध्ये सेवाकार्यासाठी गेला. १९७१-७२ मध्ये, लढाई चालू असताना, तो टेपरेकॉर्डर घेऊन मेकाँगच्या खोऱ्यात फिरला आणि शेतकरी, कोळी, शिवणकाम करणाऱ्या बायका यांच्याकडून लोकगीतं गाऊन घेतली. पुढे त्याने हो सुआन हुओंगच्या कवितांचं इंग्रजी भाषांतर केलं. ते २००० साली निघालं, त्यात प्रत्येक कविता इंग्रजी, रोमन व्हिएतनामी आणि नोम अशा तिन्ही रूपांत होती. लाकडी ठशांनी नव्हे, संगणकावर जुळवून छापलेली नोम लोकांनी तिथे पहिल्यांदा पाहिली. ती छापण्यासाठी फॉन्ट लागला, फॉन्टसाठी नंबर लागले. या कामात त्याच्याबरोबर न्गो थान न्यान हे भाषासंगणनाचे अभ्यासक होते. १९९९ साली त्यांनी आणि सहकाऱ्यांनी नोमच्या जतनासाठी एक प्रतिष्ठान काढलं. हनोईतल्या एका छोट्या गटाने अक्षरामागून अक्षर आखून फॉन्ट तयार केला. राष्ट्रीय ग्रंथालयातल्या पोथ्यांची पानं एकेक करून डिजिटल झाली. २०१८ मध्ये प्रतिष्ठानाने आपलं काम आटोपतं घेतलं.

त्यांच्या कोशात मी रोमन अक्षरांत 'नम्' टाइप केलं तेव्हा समोर पाच आणि वर्ष वेगवेगळे उभे राहिले. मला नोम येत नाही. तरी त्या क्षणी जे वाटलं ते शब्दांत मांडणं कठीण आहे. एका जुळारी बाईलाच कळेल असा तो आनंद.

किएउच्या बाबतीत या सोयीने काय घडलं ते पाहा. न्गुयेन झू १८२० साली गेला. त्याच्या हातची प्रत उरलेली नाही. आज हाती असलेल्या जुन्या छापील नोम प्रती १८६६ पासूनच्या, आणि रोमन लिपीतली पहिली आवृत्ती त्रुओंग विन्ह की याने १८७५ साली सायगावात काढलेली. प्रत्येक प्रतीत शब्द थोडे थोडे वेगळे. एका नोम अक्षराचे दोन उच्चार संभवतात. रोमन करणाऱ्याने त्यातला एक निवडला की दुसरा शब्द नजरेआड जातो आणि पुढच्या पिढ्या निवडलेलाच पाठ करतात. आता १८६६, १८७१, १८७२ च्या प्रती पडद्यावर शेजारी शेजारी ठेवून तीच ओळ तपासता येते. पूर्वी हे काम ज्याला पॅरिसच्या आणि हनोईच्या ग्रंथालयांत बसायची परवानगी होती त्यालाच जमायचं. आज ह्वेमधला शाळामास्तर रात्री जेवणं आटोपल्यावर ते करू शकतो, आणि तज्ज्ञाला प्रश्न विचारू शकतो.

हनोईच्या वान मिएउमध्ये, म्हणजे १०७० साली स्थापन झालेल्या कन्फ्यूशियसच्या मंदिरात, दगडी कासवांच्या पाठीवर ८२ शिळा उभ्या आहेत. शतकानुशतकं दरबारी परीक्षा उत्तीर्ण झालेल्यांची नावं त्यांवर कोरलेली. परीक्षेला बसणारी मुलं पूर्वी कासवांच्या डोक्यावर हात फिरवून जायची. दगड झिजू नये म्हणून आता कठडे घातलेत. तेतच्या, म्हणजे त्यांच्या नववर्षाच्या दिवसांत समोरच्या तळ्याकाठी सुलेखनकार लाल कागद मांडून बसतात. लोक येतात, शांती, सुख, दीर्घायुष्य असं एखादं अक्षर मागतात. मी उभी होते तिथे विशीतल्या एका मुलीने 'शांती' मागितलं. म्हाताऱ्या गृहस्थांनी कुंचला शाईत बुडवला, ओठ मिटले आणि छताची रेघ ओढून तिच्याखाली बसलेली बाई काढली. चिनी चिन्हात शांतीचं रूप तेच आहे. मुलीने मोबाइल काढला, शब्दकोशाच्या अॅपमध्ये बोटाने तेच अक्षर गिरवलं. रेघांचा क्रम चुकला. आजोबांनी तिचं बोट धरलं आणि पडद्यावर क्रम दाखवला: आधी हा ठिपका, मग ही रेघ. शाईचा हात आणि काचेचा पडदा. दोघंही पूर्ण गंभीर होते.

तंत्रज्ञान म्हटलं की बहुतेकांना आठवतात ते डोळ्यांवर चढवायचे चष्मे आणि रात्री भिंतींवर पडणारे प्रकाशाचे खेळ. हनोईत तेही भरपूर आहे. १०४९ साली बांधलेला एका खांबावरचा पॅगोडा फ्रेंच निघून जाताना १९५४ मध्ये उडवला गेला; दुसऱ्या वर्षी तो पुन्हा बांधला, आणि आता त्याचं ली घराण्याच्या काळातलं भव्य रूप आभासी वास्तवात फिरून पाहता येतं. थांग लाँगच्या किल्ल्यात राजवाडा गेला आणि १४६७च्या पायऱ्यांवरचे दगडी ड्रॅगन तेवढे उरले. तिथल्या अभ्यासकांनी उत्खननात मिळालेल्या पायांवरून आणि कौलांवरून जुने महाल संगणकावर उभे केलेत. मुलांना हे आवडतं, आणि आवडावं. पण त्या एकखांबी देवळाचं जुनं रूप कळायला मोठा आधार कशाचा, तर बाराव्या शतकाच्या सुरुवातीच्या एका शिलालेखातल्या वर्णनाचा. तो शिलालेख वाचू शकणारा माणूस नसता तर चष्म्यात दाखवायला काय उरलं असतं? पैसा मात्र चष्म्याला लवकर मिळतो आणि वाचणाऱ्याला उशिरा. हे मला खटकतं.

आता गाण्याकडे येते, कारण लिपीबद्दल जे म्हणतेय ते गाण्यात जास्त उघड दिसतं.

का त्रू ही उत्तर व्हिएतनामची बैठकीची गायकी. गाणारी बाई, तीन तारांचं लांब दांडीचं दान दाय वाजवणारा साथीदार, आणि तिसरा श्रोता. गाणारी बसून गाते आणि गाताना बांबूच्या पट्टीवर लाकडी काठ्यांनी लय धरते. ती लय गाण्यापासून इतकी स्वतंत्र चालते की एकाच बाईत दोन कलावंत बसलेत असं वाटावं. तोंड फारसं उघडत नाही. स्वर गळ्यातच दाण्यादाण्याने फुटतो. आणि समोरचा जाणकार श्रोता लहान ढोल घेऊन बसलेला असतो. जागा जमली की तो चामड्यावर टिपरी मारतो, कधी लाकडी कडेवर. कुठे मारायची, किती मारायच्या, याचे संकेत ठरलेले आहेत. त्याच्या टिपऱ्यांतून गाणारीला दाद मिळते आणि चूकही कळते. पूर्वी बांबूच्या चकत्या बक्षीस म्हणून द्यायचे आणि मैफल संपल्यावर त्यांचे पैसे व्हायचे. बैठकीत मांडीवर हात मारून 'क्या बात है' म्हणणारा श्रोता आपल्याकडेही आहे, पण त्याच्या दादेला वाद्याचा मान देऊन गाण्याचा भाग करणं मी दुसरीकडे कुठे पाहिलेलं नाही.

विसाव्या शतकाच्या पहिल्या अर्ध्यात ही गायकी शहरातल्या कोठ्यांशी जोडली गेली, अफूच्या धुरात बदनाम झाली. १९४५ नंतर ती गाणं लाजिरवाणं ठरलं. गाणाऱ्या बायकांनी काठ्या ठेवून दिल्या, शेजाऱ्यांना आपण गायचो हे सांगितलं नाही. १९७६ साली पॅरिसमध्ये राहणारे संगीतशास्त्रज्ञ त्रान वान खे हनोईला आले आणि त्यांनी क्वाक थी हो या गायिकेचं ध्वनिमुद्रण केलं. तेव्हा तिचं वय साठीच्या पुढे होतं. ते गाणं युनेस्कोच्या आश्रयाने जगभर गेलं आणि देशात लोकांनी मान वर करून ऐकलं. २००९ मध्ये का त्रूचा समावेश तातडीने जतन करायच्या वारशांच्या यादीत झाला, तोवर जुन्या पिढीतली फार थोडी माणसं उरली होती.

ते ध्वनिमुद्रण मी हेडफोन लावून ऐकलं. सुरुवातीला काही हाती लागलं नाही. मग वेग निम्म्यावर आणला आणि गळ्यातल्या त्या दाण्यांपैकी एकेक सुटा ऐकू यायला लागला. आज शिकणाऱ्या मुलींना हा लाभ आहे: गेलेल्या गुरूची तान थांबवून, मागे नेऊन, हळू करून पुन्हा ऐकता येते. जिवंत गुरूने एवढा धीर धरला नसता. पण ढोल? टिपरी फितीवर आहे, ती तिथेच का पडली हे फितीवर नाही. ते कळायला कवितेचा अर्थ कळावा लागतो, आणि त्यातल्या कित्येक कविता मुळात नोममध्ये लिहिलेल्या. गाणारी तयार करायला ध्वनिमुद्रण उपयोगी पडलं. ढोल धरणारा श्रोता तयार करायला पुन्हा तीच जुनी पानं वाचावी लागतात. हनोईतल्या आणि आसपासच्या का त्रू मंडळांत म्हणूनच गाण्याच्या वर्गाइतकंच महत्त्व ढोल शिकवण्याला दिलं जावं असं मला मनापासून वाटतं.

व्हिएतनामच्या दक्षिणेकडच्या किनाऱ्यावर चाम लोक राहतात. 'मी सॉन' या ठिकाणची शिवमंदिरं त्यांच्या पूर्वजांची. तिथे आपल्या भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण विभागाने काही मंदिरगटांच्या डागडुजीचं काम केलं आणि २०२० मध्ये त्या कामात नवव्या शतकातलं वालुकाश्माचं अखंड शिवलिंग मिळालं, हे अनेकांनी वाचलं असेल. फोटो आपल्याकडे खूप फिरले. पण चाम संस्कृती देवळांच्या विटांत संपलेली नाही. त्यांची लिपी ब्राह्मीच्या वंशातली, म्हणजे देवनागरीची दूरची बहीण, आणि ती अजून त्यांच्या पुरोहितांच्या हातात आहे. पोथ्या घरोघरी टोपल्यांत ठेवलेल्या असतात. घरात वाचणारा उरला नाही की ती पोथी बेवारस झाली असं मानतात. अशी पोथी घरात ठेवणं अशुभ, म्हणून काही जण ती नदीत सोडून देतात. ब्रिटिश लायब्ररीच्या धोक्यातल्या दप्तरांसाठीच्या योजनेतून अभ्यासक त्या घरांत गेले, पोथ्यांची छायाचित्रं घेतली आणि मूळ पोथी घरच्यांकडेच राहू दिली. ही अट मला सगळ्यांत मोलाची वाटते. पोथी कपाटात सुरक्षित आणि घर रिकामं, असा सौदा त्यांनी केला नाही. चाम लिपीला युनिकोडमध्ये २००८ साली जागा मिळाली.

गोदावरीच्या आणि कृष्णेच्या घाटांवर जुन्या पोथ्या विसर्जित करणारी माणसं मी पाहिलीयत. श्रद्धेनेच करतात. मोडीतली कागदपत्रं गाठोड्यात बांधून माळ्यावर टाकणारी घरं तर आपल्या सगळ्यांच्या ओळखीची आहेत. मोडीला युनिकोडमध्ये २०१४ साली पत्ता मिळाला, चामच्या सहा वर्षं नंतर. पुण्याच्या पुराभिलेखागारात मोडीचे कोट्यवधी कागद आहेत आणि ते सराईतपणे वाचणारे बोटांवर मोजण्याइतके. व्हिएतनामकडे पाहताना मला आपलं हे काम सतत आठवतं, आणि त्यांनी अक्षर, फॉन्ट, कोश, मग मजकूर असा जो क्रम धरला तो आपणही धरावा असं वाटतं.

आता यंत्रं नोम वाचायला शिकतायत. हो ची मिन्ह सिटीतल्या संशोधकांनी २०२२ मध्ये सुमारे ३,००० जुन्या पानांचा एक संच खुला केला. त्यात किएउ आहे, इतिहासाची बखर आहे, आणि न्गुयेन दिन्ह चिएउची 'लुक वान तिएन' आहे. हा कवी आंधळा होता. तो सांगायचा आणि शिष्य लिहून घ्यायचे. पानावरच्या ओळी वेगळ्या काढून यंत्राला दाखवायच्या, बरोबर मजकूर शेजारी ठेवायचा, असं हजारो वेळा करून हे शिक्षण होतं. तो बरोबर मजकूर आला कुठून? प्रतिष्ठानाच्या माणसांनी वर्षानुवर्षं बसून टाइप केलेल्या पानांतून. संस्था बंद झाली तरी तिने लावलेले नंबर चालू आहेत.

यंत्र अडतं ते नेमकं कुठे, हे गावच्या शिळांवर दिसतं. फ्रेंच काळात हनोईच्या संशोधन संस्थेने देशभरातल्या शिलालेखांचे कागदी ठसे घेतले. वीस हजारांहून अधिक ठसे आज हनोईच्या हान-नोम संस्थेत आहेत. त्यातल्या पुष्कळ शिळा दानाच्या. मूलबाळ नसलेली विधवा गावाला दोन-चार शेतं आणि काही पैसे द्यायची, बदल्यात गावाने तिच्या तिथीला नैवेद्य दाखवायचा करार. किती भात, किती मांस, कुणी वाढायचं, सगळं कोरलेलं. मजकूर चिनी भाषेत, कारण कारकुनाला तीच शिकवलेली. पण शेताच्या नावापाशी त्याची चिनी संपते. वडाखालचं शेत, ओढ्याकडची पट्टी अशी नावं गावची असतात, त्यांना चिनी शब्द नाही, म्हणून तिथे तो नोममध्ये लिहितो. कधी कधी त्याच गावापुरतं, त्याच कारकुनाने घडवलेलं अक्षर. चिनी मजकुरावर तयार झालेलं यंत्र सगळी शिळा वाचून काढतं आणि शेताच्या नावावर चुकतं. मग संस्थेतली माणसं ठसा उजेडात धरतात, शेजारच्या गावांच्या शिळा काढून ताडून पाहतात, वेळ पडली तर गावात जाऊन विचारतात. अक्षर नवं निघालं तर त्याचं चित्र, उच्चार आणि पुरावा जोडून युनिकोडच्या समितीकडे अर्ज जातो. समितीला उत्तर द्यायला वर्षं लागतात. हनोईची माणसं पुढचा अर्ज भरत असतात.